कोरी उत्तरपत्रिका: खालच्या दुर्बिणीच्या परीक्षार्थींसाठी मार्गदर्शन

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची आतून केलेली पाहणी. टोकाशी दिवा व कॅमेरा असलेली, करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी गुदद्वारातून आत सरकवून ही पाहणी केली जाते आणि मराठी घरांत ती ‘खालून दुर्बीण टाकणे’ या नावाने, शक्यतो आवाज उतरवून, ओळखली जाते. जो समाज सकाळी समोर येईल त्याला ‘पोट साफ झाले का’ असे निःसंकोच विचारतो, तोच समाज या तपासणीला निघताना शेजाऱ्यांना ‘जरा रक्त द्यायला चाललो आहोत’ असे सांगतो, ही विसंगती अभ्यासकांनी अद्याप पुरेशी तपासलेली नाही.

तपासणीस जाणाऱ्याला येथे ‘परीक्षार्थी’ म्हटले आहे, कारण तिला रीतसर गुणपद्धती आहे. बोस्टन या नावाने प्रचलित असलेल्या मापनात मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आडवा आणि डावा असे तीन भाग कल्पून प्रत्येकाला स्वच्छतेनुसार ० ते ३ गुण देतात आणि तिन्ही भागांत किमान २ गुण मिळाले तरच तयारी पुरेशी मानतात. आत काहीही शिल्लक न ठेवणाऱ्यास ९ पैकी ९ गुण मिळत असल्याने, उत्तरपत्रिका कोरी ठेवणाऱ्याला प्रथम क्रमांक देणारी ही बहुधा एकमेव परीक्षा ठरते. एटीकेटीची सोय मात्र येथे नाही; एखाद्या भागाने दगा दिल्यास संपूर्ण परीक्षा, तयारीच्या पाण्यासह, नव्याने देण्याची वेळ येऊ शकते.

अभ्यासक्रमाचा आरंभ दोन-तीन दिवस आधी होतो आणि त्यात आरोग्यविषयक सर्व संस्कार उलटे करावे लागतात. वर्षभर ज्यांच्यासाठी आग्रह झाला त्या भाकरी, मेथी, मटकीची उसळ, पेरू आणि अंजीर या चोथायुक्त व बियांच्या पदार्थांवर बंदी येते आणि ज्यांच्यावरून परीक्षार्थीला आजवर बोलणी खावी लागली ते पांढरा भात, मैद्याचा पाव व साधी बिस्किटे एकाएकी पथ्यात जमा होतात. तीळ, खसखस व शेंगदाण्याचा कूट यांना विशेष मनाई आहे, कारण त्यांचे कण कॅमेऱ्यासमोर येतात आणि नळीतील शोषणमार्गात अडकतात. त्यामुळे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी अशी ज्यांची दृढ समजूत आहे, त्यांनी या उपवासाला त्या परंपरेत बसवण्याचा मोह आवरावा.

आदल्या दिवशी फक्त ‘स्वच्छ द्रव’ चालतात. ज्या द्रवातून पलीकडचा छापील मजकूर वाचता येतो तो स्वच्छ, अशी त्याची व्यावहारिक व्याख्या आहे. नारळपाणी, गाळलेले लिंबूसरबत आणि दुधाविना चहा या व्याख्येत उत्तीर्ण होतात. कोकम सरबत मात्र पारदर्शक असूनही त्याच्या लाल रंगामुळे बाद होते, कारण आतड्यात तो रंग रक्ताचा भास निर्माण करू शकतो. सोलकढी तर रंग आणि नारळाचे दूध अशा दोन्ही आरोपांखाली दोषी ठरते. विनोदाला जागा नसलेली बाब एकच: रक्त पातळ करणारी, मधुमेहाची व लोहाची औषधे केव्हा थांबवायची वा कशी बदलायची, हे आधी डॉक्टरांनाच विचारावे.

यानंतर येतो तो मुख्य विषय, म्हणजे पाणी. पुडीतील पॉलिइथिलीन ग्लायकॉल व क्षार यांचे मिश्रण बहुधा दोन लिटर पाण्यात विरघळवून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला याप्रमाणे प्यायचे असते. हे द्रव्य आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही आणि आपल्याबरोबरचे पाणीही धरून ठेवते, त्यामुळे ते पाणी वाटेतील सर्व काही घेऊन बाहेर पडते. क्षार घातलेले असतात ते शरीरातील मिठाचा तोल ढळू नये म्हणून. खारट लिंबाची ही चव थंडगार करून, नळीने जिभेच्या मागच्या बाजूस सोडत प्यायल्यास काहीशी सुसह्य होते. अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि उरलेला तपासणीच्या दिवशी पहाटे, सांगितलेल्या वेळेत संपेल असा, घ्यायचा असतो. रात्रीची झोप मोडणारी ही विभागणी निव्वळ छळ नव्हे. लहान आतडे रात्रभर पित्त व श्लेष्मा खाली पाठवीत राहते आणि त्याचा थर उजव्या भागावर बसतो, म्हणून पहाटेचा हप्ता चुकवणारा नेमका तेथे नापास होतो. हठयोगातील शंखप्रक्षालन, म्हणजे कोमट मिठाचे पाणी पिऊन आतडी धुण्याची क्रिया, ज्यांनी केली आहे त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल.

तयारीचा हा टप्पा मूलतः स्थापत्यशास्त्राचा आहे. एका शौचालयाच्या घरात परीक्षार्थीला त्यावर निर्विवाद ताबा द्यावा, चाळीतील सामायिक संडासाच्या बाबतीत तर मजल्यावरच्या मंडळींना काहीतरी सांगावेच लागते; ‘रक्त द्यायला’ ही सबब तेथे टिकत नाही. नळाला पाणी जाण्यापूर्वी बादल्या भरून ठेवाव्यात, व्हॅसलीन हाताशी असावे आणि पहाटेचा पेला संपण्यापूर्वी रुग्णालयाच्या वाटेवरील, उदाहरणार्थ ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील, वाहतुकीचा विचार झालेला असावा. बाहेर पडणारे द्रव पिवळसर व पारदर्शक दिसू लागले की अभ्यास पूर्ण झाला असे समजावे.

प्रत्यक्ष परीक्षेविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर परीक्षार्थी बहुधा तिला अनुपस्थित असतो. मागे उघडणारा झगा घालून डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपावे. पुढचे काम इतरांचे. नळी मोठ्या आतड्याच्या आरंभापर्यंत, जेथे आंत्रपुच्छाचे तोंड दिसते तेथवर, नेतात आणि खरी पाहणी ती मागे घेताना करतात. यास किमान सहा मिनिटे द्यावीत असा दंडक आहे. वाटेत अंकुर, म्हणजे आतील अस्तरावरील लहान वाढी, आढळल्यास तारेच्या फासाने तेथेच काढता येतात. न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या व विल्यम वुल्फ यांनी १९६९ मध्ये प्रचारात आणलेल्या या युक्तीमुळे, काही अंकुरांचा पुढे काही वर्षांनी होऊ शकणारा कर्करोग आधीच रोखता येतो. एवढ्या सगळ्या खाऱ्या पाण्याला अर्थ येतो तो येथे.

जागे झाल्यावर पोटात हवा असते, कारण आतडे फुगवल्याशिवाय त्याच्या घड्या दिसत नाहीत. तेव्हा ‘गॅस गेला का?’ हा सिस्टरांचा प्रश्न वैद्यकीय असतो आणि मोठ्याने दिलेले होकारार्थी उत्तर, आयुष्यात प्रथमच, कौतुकास पात्र ठरते. त्या दिवशी वाहन चालवू नये आणि घराच्या व्यवहाराच्या कागदांवर सही करू नये; सोबत आलेल्या मेहुण्याने नेमके त्याच दिवशी असे कागद आणले असल्यास अधिकच सावध राहावे. अहवालासोबत आतड्याची रंगीत छायाचित्रेही मिळतात. ती फाइलमध्ये जपून ठेवावीत, पण कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवू नयेत, कारण चष्मा न लावता गट पाहणारे एखादे काका त्याखाली ‘सुंदर! कोणती लेणी?’ असे विचारतात आणि त्यांना खरे उत्तर द्यायला कोणीच पुढे येत नाही.