कव्हरची बाजू

बिरवाडीत पाऊस लागला की लागतोच. काळ नदी पुलाखालून लाल होऊन धावत असते. ज्यांची लावणी आटपली आहे आणि ज्यांची एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली आहे, असे सगळे बाजारातल्या हॉटेलात जमतात. मैदानात गुडघाभर चिखल, त्यामुळे जुलैमध्ये आमच्याकडे कबड्डी फक्त तोंडाने खेळतात. तिला रेफ्री नसतो, म्हणून ती जास्त रंगते.

परवाच्या १५ जुलैला, म्हणजे बुवा साळवींच्या जन्मदिवशी, अर्थात कबड्डीदिनी, विषय निघाला : आजवरचा सगळ्यात भारी कव्हर कोण?

निघाला म्हणजे मीच काढला. चढाईवाल्यांबद्दल सगळेच बोलतात, कोपऱ्यांबद्दल निम्मे बोलतात. कव्हरबद्दल फक्त कव्हर बोलतो. मी आमच्या वाडीच्या संघाचा डावा कव्हर होतो. आता कमरेचा पट्टा लावून हिंडतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : सात जणांच्या फळीत दोन टोकांना कोपरे, त्यांच्या आत इन, मग कव्हर, आणि मधोमध सेंटर. चढाईवाला बोनस घ्यायला पाय टाकतो. कोपरा सूर मारून घोटा धरतो. हे सगळ्यांना दिसतं, टाळ्या पडतात. पण धरलेला घोटा म्हणजे पकड नव्हे, ती पकडीची अर्जी. पुढच्या अर्ध्या सेकंदात तो गडी एका पायावर उडी घेऊन मध्यरेषेकडे झेपावतो, कोपऱ्यालाही फरफटत नेतो. तेव्हा ज्या माणसाने त्याच्या छातीवर जाऊन आदळायचं असतं, तो कव्हर. वर येणारा गुडघा कव्हरच्या हनुवटीत बसतो. माझ्या हनुवटीला तीन टाके आहेत. धुरळा खाली बसला की कोपरा मांडीवर थाप मारून उभा राहिलेला असतो आणि कव्हर सगळ्यात खाली असतो.

एकदा भात काढल्यावरच्या स्पर्धेत, रात्री दोन वाजता, हॅलोजनखाली, आमच्या कोपऱ्याला ‘उत्कृष्ट पकड’ म्हणून टेबलफॅन मिळाला. कोपरा म्हणजे माझा शेजारी, शाळेपासूनचा मित्र. त्याला अजून सगळे कोपराच म्हणतात. त्याचा खांदा उतरला होता म्हणून तो फॅन दोन किलोमीटर मी उचलून नेला. माझ्या एकट्याच्या नावावर असलेली ही एवढीच पकड. एका साप्ताहिकात बातमी आली, तिच्यात कोपऱ्याचं नाव होतं आणि पुढे ‘व इतर’. त्या ‘इतर’मध्ये मी आहे.

तर वाद. कंपनीतून आलेल्या पोरांनी फजल अत्राचलीचं नाव काढलं. का काढू नये? प्रो कबड्डीत पकडीचे पाचशेवर गुण त्याचे. १९९० पासून आशियाई स्पर्धेत आपण सात सुवर्णं घेतली, ती रांग २०१८ साली इराणने उपांत्य फेरीत तोडली, त्या संघात तो होता. आणि त्याच वर्षी आमच्या यू मुंबाने त्यालाच कर्णधार केलं! पण तो डावा कोपरा. बाद.

मग माझी बाजू मांडली. २०१५ साली यू मुंबाने विजेतेपद घेतलं. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे कोपरे सगळ्यांच्या तोंडी. आत कव्हरला कोण? आपला विशाल माने आणि जीवा कुमार. हे हॉटेलात एकालाही पटकन आठवलं नाही, आणि हाच माझा मुद्दा होता. एक पोरगा म्हणाला, सुनील कुमार घ्या. २०२२ साली जयपूर जिंकलं तेव्हा कव्हर असून कर्णधार तो. मी त्या पोराला माझ्या बशीतली दोन भजी दिली.

तेवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. त्याला म्हटलं, मामा कामात आहे, असा असा वाद चाललाय. तो म्हणाला, आमच्या ऑफिसात पण हेच! बेसबॉलमधला सगळ्यात भारी सेकंड बेसमन कोण? एक म्हणतो हॉर्न्सबी, १९२४ साली त्याची सरासरी .४२४. दुसरा म्हणतो जो मॉर्गन, १९७५ आणि १९७६, लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू. तिसरा जॅकी रॉबिन्सनवर अडून बसलेला. पण १९४७ साली, पहिल्या वर्षी, तो फर्स्ट बेसवर खेळला, मग त्याला धरायचा की नाही, यावर वेगळं भांडण.

“हा सेकंड बेसमन करतो काय?”

“मामा, नाव सेकंड बेसचं, पण उभा राहतो पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे. एका गड्याने फेकलेला चेंडू घ्यायचा, गर्रकन वळून दुसऱ्या गड्याला द्यायचा, आणि तेवढ्यात समोरचा धावत येऊन याच्या पायात घसरतो.”

“म्हणजे कव्हरच की रे!” माझा गळा दाटून आला. कोपरा म्हणाला, भजीचा ठसका असेल.

शेवटी कोपऱ्यातल्या बाकावरून पोलादपूरचे मामा बोलले. तोवर ते बशीतला चहा फुंकत होते. “तुम्हाला एवढं लांब जायला नको. तानाजीराव पडले, माणसं मागे फिरली. तेव्हा छातीवर कोण गेलं? शेलारमामा. पोवाड्यात वय ऐंशी. कव्हर याला म्हणतात.”

हॉटेल गप्प. तानाजीरावांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. तरी महाडच्या एकाने किंजळोलीच्या मुरारबाजींचं नाव घेतलंच.

“ते दिलेरखानाच्या छावणीत घुसले. ती चढाई.”

“आणि दोर कापणारे सूर्याजी?”

मामांनी विचार केला. “कोच.”

यावर अपील नव्हतं. पाऊसही जरा उघडला होता. कोपऱ्याने उठताना मोठ्या थाटात खिशात हात घातला, सगळ्यांनी तो पाहिला. एकशे चाळीस रुपये मी दिले.