आधी माणसं मोजा

‘नीलकमल’ बुडाली त्या संध्याकाळी सगळ्यात साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नव्हतं. बोटीत माणसं होती किती? १८ डिसेंबर २०२४, दुपारचे चार वाजत आलेले. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. बातम्यांत आधी ऐंशीचा आकडा आला, मग शंभर, मग शंभराच्या वर. मृतांचा आकडा त्या रात्री १३ होता, दुसऱ्या दिवशी १४ झाला. तीन दिवसांनी सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला, तेव्हा तो १५ झाला. बोटीचा परवाना ८४ प्रवाशांचा आणि ६ खलाशांचा होता.

धडक नौदलाच्या बोटीने दिली, यात वाद नाही. भर दुपारी, प्रवासी बोटींची ये-जा चालू असताना, त्याच पाण्यात चाचणी घ्यायला कुणी सांगितलं, हे नावानिशी लोकांसमोर यायलाच हवं. नौदलाने चौकशी मंडळ नेमलं, कुलाबा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्या चौकशीतून जे निघेल ते गेटवेच्या जेटीवर मराठीत लावा, म्हणजे तिकीट काढणाऱ्या माणसाला ते वाचता येईल. पण ८४ जणांच्या बोटीत शंभराहून जास्त माणसं चढली, यात नौदलाचा काही हात नव्हता. ती आपल्या डोळ्यांदेखत चढतात.

सुट्टीच्या दिवशी गेटवेच्या पायऱ्यांवर जरा वेळ उभे राहा. धक्क्याला एक बोट, तिला खेटून दुसरी, दुसरीला खेटून तिसरी. पहिल्या बोटीच्या कडेवर पाय, मग दुसरीच्या, खालून खलाशी हात देतोय, मागून गर्दी रेटतेय. तिकीट घेणारा तिकिटं बघतो. माणसं कुणी मोजत नाही. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे घेतले जातात, पण वर किती जणांनी बसायचं हे सांगायला तिथे कुणी नसतं. कडेवरच्या मुलाचं तिकीट नाही म्हणून ते कुठल्याच हिशेबात नाही. बेस्टच्या बसमध्ये बसणारे किती आणि उभे किती हे आत पाटीवर लिहिलेलं असतं, आणि बस भरली की कंडक्टर पुढच्याला खाली थांबवतो. रस्त्यावर जे जमतं ते समुद्रात का जमू नये?

अपघातानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण सक्ती झाली ती प्रवाशावर. मोजायची सक्ती कुणावर झाली?

जॅकेटांची गोष्ट तरी कुठे नवी आहे? ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईला येणारी ‘वैतरणा’ ही आगबोट वादळात नाहीशी झाली. सातशेहून जास्त माणसं गेली. मुंबईला परीक्षेला येणारे विद्यार्थी होते, लग्नाची वऱ्हाडं होती. चौकशी न्यायालय बसलं आणि त्याने नोंदवलं की जीवरक्षक होड्या आणि जॅकेटं अपुरी होती. ‘वैतरणा’ गेली त्याला ‘नीलकमल’च्या वेळी १३६ वर्षं झाली होती.

आणि ‘रामदास’. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत हे नाव माहीत नाही असं जुनं घर विरळाच. १७ जुलै १९४७, गटारीचे दिवस. गिरणीतली, दुकानांतली माणसं सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, घरी निघाली. तासाभरात बोट उलटली. बोटीवर वायरलेस नव्हता. इथे धक्क्यावर, कचेरीत, चाळीत, कुणालाच काही कळलं नाही. दुपार उलटल्यावर शहराला बातमी लागली. माणसं वाचवली ती रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी. हाती आलेली मासळी त्यांनी समुद्रात टाकली आणि होडीत माणसं घेतली, असं आजही सांगतात. गेले किती? कुठे ६२५ वाचायला मिळतं, कुठे ६६९, कुठे त्याहून जास्त. सहाशेच्या वर माणसं एका सकाळी जातात आणि पाऊणशे वर्षं उलटली तरी एक आकडा ठरत नाही, कारण बोट सुटताना कुणी माणसं धड मोजलीच नव्हती. ज्यांची नोंद नाही, त्यांच्यासाठी जाब कोण देणार?

सरकारी कार्यक्रमातही हेच. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या कामाचा शुभारंभ होणार होता. तिकडे निघालेली एक स्पीडबोट खडकावर आपटली आणि एक तरुण जिवानिशी गेला. मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ बोट बुडू लागली, तेव्हा पोलिसांच्या गस्ती बोटीने ८८ प्रवासी वाचवले. सगळे वाचले, म्हणून बोट का बुडाली याची चर्चा आठवडाभरही टिकली नाही. मुंबईबाहेर तर बोटीला परवाना आहे का, हेही कुणी बघत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मिरचीच्या कामाला निघालेल्या सहा बायका वैनगंगेत होडी उलटून गेल्या. मे महिन्यात उजनीत आणखी सहा जण बुडाले.

दोष कुठल्याच माणसावर येत नाही, हा मामला परळकरांना नवा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली आणि रेल्वेच्या चौकशीत दोष पावसावर आला. समुद्रातही तेच होतं. वारा असतो, लाट असते, प्रवाशाने जॅकेट घातलेलं नसतं. खुर्चीतला माणूस त्या यादीत कधी येत नाही. मृताच्या घरच्यांना मुख्यमंत्र्यांकडून पाच लाख, पंतप्रधानांकडून दोन लाख जाहीर होतात. पैसे द्यायलाच हवेत. पण पैसे दिले म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही.

दक्षिण कोरियात एप्रिल २०१४ मध्ये ‘सेवोल’ बुडाली. ३०४ माणसं गेली, त्यात बहुतेक शाळेची मुलं. तिथेही पहिल्या दिवशी बोटीत किती जण होते याचा आकडा सारखा बदलत होता. पण तिथले पालक गप्प बसले नाहीत. कप्तानाला जन्मठेप झाली, बोट कंपनीची माणसं तुरुंगात गेली, सरकारने तटरक्षक दलच बरखास्त केलं. माणसं त्याने परत आली नाहीत. तरी आपली मुलं कुणामुळे गेली, हे त्या आईबापांना नावानिशी सांगता येतं.

आपल्याकडे बोटीचा परवाना मेरीटाइम बोर्डाचा, बंदराचं पाणी पोर्टचं, शेजारचा तळ नौदलाचा, गेटवेवरचा बंदोबस्त पोलिसांचा. प्रवासी यातल्या कुणाचाच नाही. मागणी मोठी नाही. बोटीवर चढायच्या जागी, हाताएवढ्या आकड्यांत, प्रवासी किती ते लिहा. पायऱ्यांवर मोजणारा माणूस ठेवा, त्यात कडेवरचं मूलही धरा, आणि आकडा धक्क्यावर नोंदवल्याशिवाय दोर सोडू देऊ नका. त्या नोंदीखाली सही कुणाची, त्याचं नाव आणि हुद्दा तिथेच लावा.

आता कोकणात पुन्हा बोटीने जायच्या गोष्टी चालू आहेत. गणपतीला, शिमग्याला लालबाग-परळची माणसं बोटीने जातील, हौसेने जातील, पोराबाळांना घेऊन जातील. भाडं किती ते सावकाश सांगा. त्यांना मोजणार कोण, त्याचं नाव आधी सांगा.