रमतगमत, मार्गे देवळी

वर्ध्याहून समुद्राकडे सरळ रेघ मारली, तर पश्चिमेला कोकण आणि पूर्वेला आंध्रचा किनारा, दोन्ही जवळपास सारखेच लांब पडतात. सहाशे किलोमीटरच्या आगेमागे. इतक्या आत राहणाऱ्या माणसाने समुद्राचा नाद करू नये, असं कुणीही शहाणा सांगेल. पण समुद्रावर सायकलने जायचे बेत नेमके अशाच गावांत शिजतात. रत्नागिरीकराला समुद्रावर जायला बेत लागत नाही, चपला लागतात. त्याच्या वहीत लडाख असतं.

आमच्याकडे हे खातं भाऊंकडे आहे. भाऊ हे नाव नव्हे, पद आहे, आणि ते कुठल्याच तालुक्यात रिक्त राहत नाही. हिंगणघाटचे भाऊ नर्मदा परिक्रमेला निघण्याच्या तयारीत आहेत, आर्वीचे भाऊ आयुष्याची संध्याकाळ कोकणातल्या कौलारू घरात घालवणार आहेत आणि सध्या कौलांचे भाव काढताहेत. आमचे भाऊ एका सरकारी कचेरीतून बडेबाबू म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल घेतली, तिसऱ्या दिवशी वही. वही लवकर भरली.

भाऊंची अट एकच. जायचं ते रमतगमत. शर्यत नाही, विक्रम नाही, अंगाला चिकटणारे कपडे तर मुळीच नाहीत. रोज चाळीस किलोमीटर, ऊन तापायच्या आत. वाटलं तर थांबायचं, वाटलं तर झाडाखाली आडवं व्हायचं. आता, कुठे काय वाटेल हे ऐन वेळेवर सोडून चालत नाही, म्हणून भाऊंनी तेही लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवसाच्या पानावर मी स्वतः वाचलं: ‘९.१० ते ९.३५ – सहज थांबणे.’

वही दोनशे पानी, वर रेक्झिनचं कव्हर. डाव्या पानावर गावं, उजव्या पानावर रकाने: अंतर, चढ, सावली, चहा, पंक्चरवाला, कुत्री आणि शेरा. कुत्र्यांच्या रकान्याचे दोन पोटरकाने, दिवसा आणि पहाटे. ही माहिती भाऊ मिळवतात कशी? तर त्या बाजूची एसटी वर्ध्याच्या स्थानकात शिरली की उतरणाऱ्या माणसाला बाजूला घेतात. बिचारा मयतीला आलेला असतो. त्याला भाऊ विचारतात, तुमच्या गावाच्या फाट्यावर कडुनिंब आहे की बाभूळ? शेरा लाल शाईत: ‘बाभूळ. बसण्यास अयोग्य.’

पहिला मुक्काम कळंब. वर्धा, देवळी, मग वर्धा नदीचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्हा आणि कळंबच्या चिंतामणीला नमस्कार. अंतर चाळिसाच्या थोडं वर जातं, म्हणजे पहिल्याच दिवशी नियम मोडतो. यावर उपाय दोनच. नियम बदलायचा किंवा मुक्काम अलीकडे आणायचा. भाऊंनी दोन्ही प्रस्ताव तयार केले, त्यांची तुलनात्मक टिप्पणी जोडली आणि प्रकरण स्वतःकडेच निर्णयासाठी ठेवलं. ते अजून तिथेच आहे. मध्यंतरी वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग मंजूर झाला, जमिनी घेतल्या गेल्या, पूल उभे राहिले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत गाडी धावलीसुद्धा. टपरीवर कुणीतरी म्हणालं, भाऊ, रेल्वे तुमच्या आधी कळंबला पोचली. भाऊ शांतपणे म्हणाले, “पोचली न! पण पुढचा मुक्काम ठरला का तिचा?”

रस्ते बांधणाऱ्या सरकारने भाऊंना फार छळलं आहे, असं त्यांचं मत. वही मार्गी लागली होती तोच समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आणि वाट आपल्याच जिल्ह्यातून! भाऊंनी जुनी पानं रद्द केली, नवी आखली. मग कळलं की त्यावर सायकलला मनाई, दुचाकीलाही मनाई. दुसरा कुणी खचला असता. भाऊ त्या दिवशी पेढा वाटल्यासारखे हसत होते. एक पर्याय अधिकृतरीत्या बाद झाला, यापेक्षा नियोजनकाराला आणखी काय हवं? पुढे शक्तिपीठ महामार्गाची घोषणा झाली. सुरुवात पवनार, शेवट गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी, लांबी आठशे किलोमीटरच्या घरात. पवनार ते कोकण! भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, वही कुणीतरी मुंबईला नेऊन दाखवली. मग कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आखणी बदलायची बोलणी सुरू झाली, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. आखणी बदलणं म्हणजे काय असतं ते त्यांना आतून माहीत आहे.

खरा वाद मात्र दिशेचा. आर्वी नाक्याजवळच्या टपरीवर आमचा जो अड्डा बसतो, तिथे एका हिवाळ्यात कुणीतरी शंका काढली की पश्चिमेलाच का? वर्धा नदीचं पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपला समुद्र तिकडचा. नदीच्या कडेकडेने गेलं तर सगळा उतारच उतार, पायडल मारायचं कामच नाही. भाऊंचा चेहरा पडला, कारण मुद्दा बिनतोड होता. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तरी सह्याद्री ओलांडण्यापेक्षा त्या बाईने पूर्वेकडे चौदाशे-पंधराशे किलोमीटर वाहत जाणं पसंत केलं. कोकणात जाणारा सायकलवाला हा अख्खा उतार उलटा चढत जातो आणि सगळ्यात शेवटी घाटाच्या तोंडाशी उभा राहतो. भाऊ महिनाभर नकाशा पालथा घालून बसले. शेवटी निकाल दिला: “तिकडं जेवणाची भाषा समजत नाही. कोकणच.” आणि लगेच पुरवणी जोडली की पूर्वेचा बेत वेगळ्या वहीत घ्यावा.

पुण्याचे सायकलवाले शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतात, हे भाऊंना अजिबात रुचत नाही. “त्याले काय नियोजन म्हणता? माणूस घसरला तरी कोकणातच जाते.”

मग मुहूर्त. जून ते सप्टेंबर पाऊस, शिवाय पोळा, तान्हा पोळा, गणपती. ऑक्टोबरात ऊन आणि सोयाबीन. नोव्हेंबरात दिवाळी आणि लग्नं. डिसेंबरात कापसाची गडबड. भाऊंच्या नावावर एक काडी शेती नाही, पण कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्यावर असतात, त्यांचं काय? जानेवारीत गारठा, फेब्रुवारीत परीक्षा. परीक्षा कुणाची, हे विचारायचं नाही. मार्चपासून आमच्याकडचं ऊन सुरू होतं आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की सायकल सोडा, कूलरपासून बाथरूमपर्यंत जायलाही नियोजन लागतं. या सगळ्यातून भाऊंनी चाळून चाळून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली एक फट शोधली आहे. त्या फटीत दरवर्षी कुणाचं तरी बारसं येतं.

मुक्कामांच्या चौकशीत भाऊ कसर ठेवत नाहीत. लातूरच्या एका लॉजवाल्याला त्यांनी पहिल्यांदा फोन केला तो, सायकल खोलीत ठेवू देता का, हे विचारायला. त्याने हो म्हटलं. पुढच्या फोनला, जिन्याची रुंदी किती? त्याने मोजून सांगितली. बुकिंग कधीचं करू, असं त्याने विचारलं की भाऊ म्हणत, ते कळवतो. असं होता होता त्या दोघांचा असा घरोबा झाला आहे की लॉजवाला दिवाळीला स्वतः फोन करतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका भाऊंना आली, भाऊंनी आहेर मनीऑर्डरीने पाठवला. लग्नाला जायची त्यांची फार इच्छा होती. पण लातूर दुसऱ्या आठवड्यात येतं, ते एकदम कसं गाठणार?

सराव दर रविवारी. वर्ध्याहून पवनार, धाम नदीच्या पुलावर पाच मिनिटं, परत. पवनार नागपूरच्या बाजूला आहे. म्हणजे सरावाच्या प्रत्येक फेरीत भाऊ समुद्रापासून आठ किलोमीटर लांब जातात. सोबत गोरसपाक बिस्किटांचा पुडा असतो. प्रवासात तो किती दिवस टिकतो याची चाचणी चालू आहे. आजवर एकही पुडा पवनारच्या पुढे टिकलेला नाही.

गावाचा इतिहास भाऊंना टोचतो, कारण टपरीवर तो रोज कुणीतरी काढतं. पवनारहून विनोबा १९५१ साली शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले, तेलंगणात पोचमपल्लीला भूदान हाती लागलं आणि मग माणूस तेरा-चौदा वर्षं देशभर चालतच राहिला. कुठे वही नाही, कुठे रकाना नाही. यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं: “त्यांच्याजवळ सायकल नव्हती न बाबू. पायाले पंक्चर होत नाही.” गांधीजी मात्र त्यांना आपल्या पंथातले वाटतात. साबरमती ते दांडी साधारण ३८५ किलोमीटर, १२ मार्च १९३० ला निघून ५ एप्रिलला समुद्रावर. भाऊंनी भागाकार केला आहे: रोजचे सोळा. “पाहा, यालेच रमतगमत म्हणतात.” शिवाय गांधीजींच्या पुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची अरुण टुकडी जात असे, गावोगावच्या सोयींची पाहणी करायला. भाऊ म्हणतात, माझी अरुण टुकडी मीच आहे, म्हणून वेळ लागतो.

पण दांडीच्याच गोष्टीत एक गाठ आहे, ती भाऊ हळू आवाजात सांगतात. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असं म्हणून गांधीजी निघाले. परतले नाहीतच. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावात राहायला गेले, त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. समुद्रावर गेलेला माणूस घरी परत येतोच असं नाही, हे वर्ध्याच्या माणसाला कुणी सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात मोठीच घटना घडली. कॉलेजातली दोन पोरं भाऊंकडे आली आणि वहीची झेरॉक्स मागून घेऊन गेली. भाऊंना वाटलं, अभ्यासाला नेली. पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे निघाली. कळंबला थांबली नाहीत. यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरली आणि रत्नागिरीला भाट्याच्या वाळूत सायकली आडव्या टाकून त्यांनी भाऊंना व्हिडिओ पाठवला. टपरीवर आम्ही सगळ्यांनी डोकी एकत्र करून तो पाहिला. लाटा, आरडाओरडा, ओल्या पँटी. भाऊंनी तो तीनदा पाहिला आणि विचारलं, “मागं ती हातगाडी कायची आहे? चहाची का?” खिशातून पेन निघालं होतं.

पोरं परतल्यावर त्यांची रीतसर जबानी झाली. आंबा घाटात रस्त्याचं काम चालू होतं म्हणाली, तर भाऊ म्हणाले, तुम्ही चुकीच्या वेळी पोचले. लातूरला लॉजवर गेलात का? नाही, मंदिरात झोपलो. भाऊंना हे लागलं. जिना मोजून घेतलेला होता. ‘सहज थांबणे’ कुठे केलं? पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. शेवटी भाऊंनी विचारलं, आणि वापस? पोरं म्हणाली, मुंबईहून सेवाग्राम एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकली टाकल्या अन् झोपून आलो.

“म्हणजे अर्धंच केलं,” भाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून नवी वही चालू आहे. परतीची. जाताना जो घाट उतरायचा तोच येताना चढायचा, त्यामुळे सगळे रकाने उलटे भरावे लागतात, चहाच्या वेळा बदलतात, सकाळी डाव्या हाताला असलेली सावली उजव्या हाताला येते. कुत्री तेवढी तीच, पण ती आता ओळखतील की नाही हा प्रश्न आहे. लातूरच्या लॉजवाल्याला फोन करून झाला; त्याने परतीच्या मुक्कामाला सवलत कबूल केली. परवा वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, पहिले जाऊन तर या.”

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. “वापस कसं यायचं ते ठरल्याबिगर जाऊ कसा?”