वेशीबाहेरचं पॅरिस

पॅरिसला जाणारा माणूस जुनं पाहायला जातो. लूव्र, नोत्र दाम, सीन नदीवरचे पूल. आयफेल टॉवरलासुद्धा आता आजोबांचा मान मिळालाय. मग काचेच्या गगनचुंबी इमारती या शहराने ठेवल्या तरी कुठे? वेशीबाहेर! खानदानी घराला पैसा हवा असतो, पण दुकान दिवाणखान्यात नको असतं, त्यातलाच प्रकार. पश्चिमेला प्यूतो, कूर्बव्वा आणि नांतेर या गावांच्या हद्दीत 1958 पासून ‘ला देफाँस’ वसू लागलं. पुढे 1973 मध्ये भर शहरात मोंपार्नासचा सुमारे 210 मीटरचा मनोरा उभा राहिला, तेव्हा पॅरिसकरांनी नाकं मुरडली ती आजतागायत. 1977 मध्ये शहरात उंचीवर निर्बंधच आले. ज्याला वर जायचं त्याने बाहेर जावं, असा एकूण हिशेब.

मेट्रोच्या 1 नंबरच्या मार्गाने शेवटपर्यंत जायचं आणि सरकत्या जिन्याने वर यायचं. वर येऊन बघावं तर रस्ताच नाही! गाड्या, बस, रेल्वे सगळं पायाखाली, आणि वर माणसांसाठी ऐसपैस फरसबंदी. मुंबई-पुण्याच्या पादचाऱ्याला हे सुख सोसत नाही. मान आपली सवयीने डावीकडे-उजवीकडे वळत राहते.

समोर ‘ग्रांद आर्श’ ही 110 मीटर उंचीची पांढरी पोकळ चौकट. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, 1989 मध्ये, तिचं उद्घाटन झालं. लूव्रपासून विजय कमानीवरून येणाऱ्या सरळ रेषेवर ती उभी आहे, पण किंचित तिरकी. खाली रेल्वे आणि महामार्गाचं जाळं आधीपासून होतं; पायाला जागा मिळेल तसं वळावं लागलं. तिचा डॅनिश वास्तुकार स्प्रेकेल्सन काम अर्ध्यावर सोडून गेला आणि उद्घाटनाआधीच वारला. बाहेरून क्रांतीचं स्मारक, आत मात्र सरकारी कचेऱ्या. क्रांतीचं शेवटी काय होतं, हे याहून थोडक्यात कोणी सांगितलेलं नाही.

थोडं फिरलं की सेझार या शिल्पकाराचा बारा मीटर उंच अंगठा दिसतो. जमिनीतून थेट वर आलेला, कातडीच्या सुरकुत्यांसकट. आजूबाजूला बँका आणि विमा कंपन्या. एवढ्या सह्याजीरावांच्या वस्तीत अंगठाबहाद्दराचा असा सन्मान पाहून बरं वाटतं. कोणाला त्यात शाबासकी दिसते, कर्ज नाकारलेल्याला ठेंगा दिसत असावा.

या वस्तीला जिच्यावरून नाव पडलं, ती मूर्ती मात्र बरीच वर्षं शोधावी लागायची. 1870-71 च्या युद्धात प्रशियाच्या वेढ्यात पॅरिस लढवणाऱ्यांचं हे स्मारक. बारियास या शिल्पकाराने केलेलं, 1883 मध्ये उभारलेलं. तोफेला टेकून उभी असलेली स्त्री म्हणजे पॅरिस, पायाशी जखमी तरुण सैनिक. या स्मारकासाठीच्या स्पर्धेत रोदँसुद्धा होता, त्याचं शिल्प नापास झालं. ही बाई बरीच वर्षं फरसबंदीच्या पातळीखाली, खड्ड्यासारख्या जागेत उभी होती. वरून ब्रीफकेसवाले भराभर जायचे. नाव तिचं, उंची दुसऱ्यांची. आपल्याकडेही ग्रामदेवतेच्या वाट्याला हेच येतं.

दुपारी साडेबारानंतर मात्र चमत्कार होतो. मनोऱ्यांतून माणसं बाहेर पडतात आणि आर्शच्या रुंद पायऱ्यांवर पसरतात. माझ्या दोन पायऱ्या खाली बसलेल्या गृहस्थांनी टाय खांद्यावर टाकला, मांडीवर कागद अंथरला आणि हातभर लांबीचा सँडविच अशा एकाग्रतेने संपवला की कंपनीचा ताळेबंदही त्यांनी इतक्या मनापासून पाहिला नसेल. मग कागदावरचा चुरा कबुतरांना दिला, डोळे मिटले, ऊन खात बसले. कोणी हटकलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. त्यांच्या बरोबरचे दोघेही तसेच निवांत.

मला वाटतं, ला देफाँसची खरी हुशारी काचेत नाही, या पायऱ्यांत आहे. आपण बिझनेस डिस्ट्रिक्ट बांधतो तेव्हा माणसाला कामाला बसायची जागा हिशेबात धरतो, नुसतं बसायची विसरतो. तेव्हा पॅरिसला गेलात तर एक दुपार इकडे काढा. सुट्टीचा दिवस नको, कामाचाच निवडा. आणि जेवण बरोबर न्या.