ऑप्शन घ्यावा की सोडावा? जनरल मॅनेजरांसाठी काही सूचना

एनबीएमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा दिसतो, पण पक्की असतात दोनच वर्षं. तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. ही मर्जी, म्हणजेच ऑप्शन, साधारण 31 ऑक्टोबरपर्यंत कळवायची, आणि तीही वर्षभर आधी. तिसरा हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना पोरगा चौथ्यात कसा खेळेल, हे जनरल मॅनेजरने सांगायचं. ज्योतिषी निदान जन्मवेळ तरी विचारतो.

सर्वांत आधी खेळाडू कितव्या क्रमांकावर घेतला होता, ते पाहावं. खेळ नंतर पाहिला तरी चालतो. पंचविसावा सोडला तर कोणी विचारत नाही. दुसरा सोडला तर त्याला निवडलं कोणी, अशी चौकशी सुरू होते. गोल्डन स्टेटने 2020 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जेम्स वाइजमनला घेतलं. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या चौथ्या वर्षाचे सुमारे 1 कोटी 21 लाख डॉलर मंजूर केले आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याची रवानगी डेट्रॉइटला केली. त्या चौथ्या वर्षाचा पगार डेट्रॉइटने भरला. ऑप्शन वापरण्याची याहून स्वस्त रीत अजून सापडलेली नाही.

निवडणारे साहेब नोकरीवर उरले नसतील, तर मग संकोच कसला? 2015 मध्ये फिलाडेल्फियाने जलील ओकाफोरला तिसऱ्या आणि ऑर्लँडोने मारियो हेझोन्याला पाचव्या क्रमांकावर उचललं. 2017 च्या ऑक्टोबरपर्यंत निवड करणारे सॅम हिंकी आणि रॉब हेनिगन दोघेही गेले होते. नव्या कारभाऱ्यांनी दोन्ही ऑप्शन सोडून दिले. ओकाफोरने पहिल्या हंगामात सामन्यामागे 17.5 गुण केले होते, पण बचावाच्या नावाने बोंब होती आणि त्याच जागेवर जोएल एंबीड उभा होता. हेझोन्याने मात्र दीड महिन्यात एका सामन्यात 28 गुण ठोकले. पुढच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कने त्याला एका वर्षाचे 65 लाख डॉलर दिले. ऑर्लँडोने नाकारलेला ऑप्शन याहून स्वस्त होता.

सोडताना नियमातली एक मेख वाचून घ्यावी. सोडलेल्या खेळाडूला परत घ्यायचं झालं, तर जुना संघ पहिल्या वर्षी ऑप्शनच्या रकमेपेक्षा जास्त पगार देऊच शकत नाही. इंडियानाने 2015 मध्ये सॉलोमन हिलचा सुमारे 23 लाखांचा ऑप्शन सोडला. गडी नेमका पुढच्या प्लेऑफमध्ये चमकला, आणि त्याच उन्हाळ्यात नव्या टीव्ही कराराच्या पैशाने संघांची पगारमर्यादा 7 कोटींवरून 9.4 कोटींवर गेली. न्यू ऑर्लिन्सने हिलशी चार वर्षांचा, सुमारे 5 कोटींचा करार केला. इंडियानाचे हात 23 लाखांवरच बांधलेले.

प्रेमापोटी ऑप्शन सोडणं हा प्रगत अभ्यासक्रम. डेन्व्हरने 2018 मध्ये निकोला योकिचचा सुमारे 16 लाखांचा ऑप्शन नाकारला आणि लगेच त्याला पाच वर्षांचे जवळपास 14.8 कोटी दिले. योकिच 2014 च्या दुसऱ्या फेरीतला, 41 वा. त्यामुळे पगाराची वरची मेख त्याला लागू नव्हती, आणि बाहेरून आलेल्या बोलीशी बरोबरी करण्याचा हक्क डेन्व्हरकडे राहणार होता. पहिल्या फेरीतल्या पोरावर हा प्रयोग करू नये. तो पूर्ण मोकळा होतो, आणि त्याच्या एजंटकडे बाकीच्या 29 संघांचे फोन नंबर असतात.