थेंबांचा सावकार

घर, हप्ते आणि नळाला पाणी यायच्या वेळा या सगळ्यांना रामराम ठोकून शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेला निघालेला माणूस बेफिकीर असणार, अशी आपली भाबडी समजूत असते. कॅरिबियन बेटांपाशी किंवा पॅसिफिकमध्ये नांगर टाकून पडलेल्या चाळीसफुटी बोटींवर पिण्यासाठी पावसाचं पाणी धरणारी जी जमात आढळते, ती या समजुतीचा पार निकाल लावते. हा गृहस्थ बहुधा निवृत्त, बहुधा युरोप-अमेरिकेतला, अर्ध्या चड्डीतला आणि रापलेला. तो संसारातून सुटायला समुद्रावर आलेलाच नसतो. जमिनीवरच्या संसारात हवा तेवढा काटेकोरपणा करू दिला जात नाही, म्हणून तो इथे येतो.

पुरावा हवा असेल तर त्याला ढग येताना पाहावं. क्षितिज काळवंडलं की शेजारच्या बोटींवरचे लोक झडपा लावून आत जातात, आणि हा बादल्या घेऊन बाहेर येतो. पण पहिल्या सरीचा एक थेंबही तो घेत नाही, कारण ती सर शिडावरचं मीठ, धूळ आणि पक्ष्यांची कृपा धुऊन नेते. मग ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी बोटावर घेऊन तो जिभेला लावतो. खारट लागलं की मान हलवतो, पुन्हा थांबतो, पुन्हा चाखतो. आमटी उतरवण्याआधी आजीसुद्धा इतक्यांदा चव बघत नसेल. शिडाखालच्या आडव्या दांडीचं मागचं टोक त्याने दोरीने उचलून ठेवलेलं असतं; त्यामुळे शिडावरचं पाणी उतार धरून डोलकाठीच्या बुंध्याशी येतं आणि तिथे टांगलेल्या बादलीत पडतं. डेकवर टाकीचं तोंड असतं, त्याच्या उताराकडच्या बाजूला तो जुना टॉवेल पिळून आडवा लावतो. धरण बांधून झालं! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे त्याला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ. त्यामुळे दहा चौरस मीटरच्या ताडपत्रीवर दहा मिलिमीटर पडला की शंभर लिटरची जमा तो तिथल्या तिथे, भिजत, मोठ्याने जाहीर करतो. सांडलवंड वजा करायचं काम बायकोकडे.

कोणी म्हणेल, यात हसण्यासारखं काय आहे? समुद्रात गोडं पाणी म्हणजे जीव. कबूल. मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या सागवानी बोटीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारून आले. वाटेत दक्षिण महासागरात त्यांच्या टाक्यांतलं पाणी नासलं आणि शिडावरच्या पावसाने त्यांना तारलं. पण त्यांची ती गरज होती. आपला गृहस्थ टाकी काठोकाठ भरलेली असताना, किनाऱ्यावरचा नळ समोर दिसत असताना बादली लावतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र मिळतं, ते का घेत नाही? यावर त्याचं उत्तर मात्र खरोखर बिनतोड. ते यंत्र खारं पाणी प्रचंड दाबाने पडद्यातून ढकलतं, वीज खातं, बंदरातल्या तेलकट पाण्यात चालवता येत नाही, आणि भर समुद्रात बिघडलं तर मेकॅनिक कुठून आणायचा? पाऊस बिघडत नाही. हे सगळं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त या जमातीतल्या कित्येकांच्या बोटीवर ते यंत्रही असतं, चालू स्थितीत असतं, आणि तरी ढग आला की बादल्या बाहेर येतात. जमा करण्याचं हे सुख गरजेतून येत नाही. ते पासबुक भरून आणणाऱ्याचं सुख आहे.

त्याचा एक गुण मात्र मान्य केलाच पाहिजे: पाहुण्याच्या चहात तो कंजुषी करत नाही. उलट कप हातात देऊन 'कुठल्या बेटाचा पाऊस, ओळखा,' असं म्हणत आपल्या तोंडाकडे पाहत बसतो. अशा बोटीवर बोलावणं आलं तर जरूर जा, चहाची तारीफ करा. फक्त कप स्वतः विसळायला घेऊ नका.