विटेला मंजुरी मिळावी म्हणून

मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक, नवी दिल्ली यांस,


आमच्या शेगावात विमानतळ नाही, तरी पत्र तुम्हालाच.

गल्लीतल्या दूधवाल्या काकांनी लुनाला मागे लोखंडी स्टँड मारून घेतला. दोन कॅन लटकवले की पुढचं चाक उचलायचं. मग काकांनी पाय ठेवायच्या जागी एक वीट सुतळीने बांधली, काम झालं. नंतर कळलं, याला तुमच्याकडे ‘वेट अँड बॅलन्स’ म्हणतात. गुरुत्वमध्य हद्दीबाहेर मागे सरकला की विमानाचं नाक वर जातं आणि ते सावरत नाही. म्हणूनच प्रमाणित विमानाला वेगळं इंजिन बसवायचं, तर मूळ टाइप सर्टिफिकेटवर पुरवणी मंजुरी हवी. आराखडे, ताकदीची गणितं, चाचण्या, सगळं आलं. बरोबरच आहे. लुना बिघडली तर नालीत जाते, विमान कुणाच्या तरी छपरावर. तुमच्या काटेकोरपणाला दंडवत.

पण साहेब, कॅप्टन अमोल यादव! त्यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. नोंदणीसाठी खेटे 2011 पासून. 2014 मध्ये नियमच बदलले आणि एकट्यादुकट्याने विमान बांधायची वाटच बंद झाली. 2016 मध्ये ते गच्चीवरून उतरवून ‘मेक इन इंडिया’त मांडलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, व्हीटी-एनएमडी. म्हणजे नरेंद्र मोदी आणि देवेंद्र. (आमच्याकडे ट्रकमागे ‘आईचा आशीर्वाद’ लिहितात, तसंच.) उडायची परवानगी 2019 मध्ये, आणि धुळ्यात चाकं जमिनीवरून उठली ती 2020 मध्ये.

आमचा वेल्डर दोन मिनिटांत सांगतो, ‘हे नाही होत ना भाऊ.’ माणूस दुसऱ्या कामाला लागतो. तुम्ही ‘नाही’ म्हणत नाही, ‘हो’ही म्हणत नाही. गजानन महाराजांची पालखी इथून पायी पंढरपूरला जाते, साधारण महिन्याभरात पोचते. फाइलला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती मुक्काम लागतात, ते एकदा छापून टाका. अर्थात, तुमचा 1934 चा कायदाच बदलायला 2024 उजाडलं, तेव्हा घाई कुणाला आहे?

तर काकांची वीट नमुन्यादाखल पार्सलने पाठवली आहे. वजन करून, शिक्का मारून ठेवावी. परत पाठवायची घाई नको. काकांनी तोवर दगड बांधलाय.

आपला,
एक शेगावकर